हातोडी, हेअर ड्रायर आणि साहेबांचा सत्कार

जुलै ते सप्टेंबर हा आमच्या इगतपुरीचा हंगाम. मुंबई-नाशिकची माणसं पाऊस बघायला येतात, रिसॉर्टं भरतात आणि त्यांच्या मागोमाग आमच्याही तारखा भरतात. कुणाच्या वडिलांची पंचाहत्तरी असते, कुणाच्या कंपनीची सहल, कुणाला नुसतीच पावसाच्या गाण्यांची मैफल हवी असते. म्हणजे तबलजीला ज्या महिन्यांत सगळ्यात जास्त काम, त्याच महिन्यांत त्याचा तबला सगळ्यात जास्त रुसलेला. गाव सुमारे ६०० मीटर उंचीवर, कसारा घाटाच्या डोक्यावर. समुद्राकडून आलेला ढग घाट चढून दमतो आणि इथेच रिकामा होतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. भातशेतीला उत्तम, कातड्याला वाईट.

रेल्वेतली नोकरी सांभाळून मी आयुष्यभर तबला वाजवला. भावगीतं, भजनं, ऑर्केस्ट्रा, आणि अडलं तर सप्ताहात पखवाजसुद्धा. लोकांना वाटतं, यांना कसला त्रास? दोन तास बसायचं, वाजवायचं, जेवायचं, पाकीट घ्यायचं. पाकिटाचं नंतर बोलू. आधी तबला.

तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. दमट हवेत कातडं पाणी पितं, सैल पडतं आणि सूर उतरतो. एसीच्या कोरड्या हवेत तेच कातडं आखडतं आणि सूर चढतो. रिसॉर्टवर या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी घडतात. साउंड चेक लॉनवर होतो, मग सर येते, पळापळ होते आणि कार्यक्रम आतल्या हॉलमध्ये हलतो. बाहेर सादळलेल्या पापडासारखा झालेला तबला मी ठोकून ठोकून काळी एकच्या सुराला आणलेला असतो. आत एसीत बसलो की दुसऱ्या गाण्यापर्यंत तो चढून पांढरी दोनच्या वाटेला लागतो. गायिका माझ्याकडे बघते, पेटीवाला माझ्याकडे बघतो. पहिल्या रांगेतल्या आजोबांना मात्र वाटतं, तबलजी उगाच हातोडी घेऊन खुडबुड करतोय.

ढोल-ताशाला हा चढ-उतार चालून जातो, तबल्याला का नाही, असं एकदा एका यजमानांनी विचारलं होतं. प्रश्न चांगला होता. साध्या ढोलाच्या कातड्यातून मूळ आवाजाबरोबर जे उपस्वर निघतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून ढोलाचा ठाम असा सूर कानाला सापडत नाही. तबल्याच्या मधोमध शाईचा काळा गोल असतो. ती शाई थरावर थर देऊन, घोटून बसवतात. तिच्या वजनामुळे उपस्वर मूळ सुराच्या पटीत येतात आणि तबला गातो. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्या चर्मवाद्यांच्या या गुणाबद्दल लिहिलं. पुढे प्रकाशावरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. आमच्या लेखी ते तबल्यावाल्यांचे रामन. पण गोची इथेच आहे. ज्याला सूर आहे, त्याचं बेसूर होणं ऐकू येतं.

म्हणून माझ्या पिशवीत हातोडीबरोबर हेअर ड्रायर असतो. पुडीपासून वीतभर लांब धरायचा आणि फिरवत राहायचा. एका जागी जवळ धरला तर शाईला तडे जातात. मग गठ्ठे खाली सरकवायचे आणि गजऱ्यावर चारी बाजूंनी हलके ठोके देत सूर सारखा करायचा. घाई केली तर पुडीच्या काठावरच्या एका घराचा सूर चढतो आणि समोरच्या घराचा उतरलेलाच राहतो. नीट करायला वीस मिनिटं लागतात आणि एक प्लगपॉइंट लागतो. यातलं काहीही मिळत नाही. मंचाजवळ एकच पॉइंट असतो आणि त्यावर पॉपकॉर्नचं मशीन लावलेलं असतं. एकदा मॅनेजर मला म्हणाला, “काका, ते मशीन काढता येणार नाही, लहान मुलं आहेत.” मुलांना पॉपकॉर्न मिळाला. मी कोपऱ्यातल्या हॅलोजनच्या उबेला तबला धरून बसलो. हलगीवाले शेकोटीशी हलगी शेकत बसतात, तसा.

हल्ली एक नवं ऐकायला मिळतं, “एवढा त्रास असेल तर ऑक्टोपॅड आणा ना!” ऑक्टोपॅडवर माझा राग नाही. आमचा ढोलकीवाला तो झकास वाजवतो, आणि पावसात तोच शहाणा ठरतो. पण पॅडवर मारून निघणारा ‘धा’ दरवेळी जवळपास तोच निघतो. गायिका शब्दावर थांबली की डग्ग्यावर मनगट सरकवून तो शब्द पुढे नेता येतो. ऑक्टोपॅडला ते कसं सांगणार?

आता मामा. प्रत्येक घरगुती कार्यक्रमात एक मामा असतात. मध्यंतरानंतर निवेदिका म्हणते, “आपल्यातच एक छुपे कलाकार आहेत.” मामा आढेवेढे घेत येतात, खिशातून चिठ्ठी काढतात. पेटीवाला हळूच विचारतो, “मामा, पट्टी कोणती?” मामा म्हणतात, “तुम्ही सुरू करा, मी पकडतो.” मग ते मोबाइलवर घोटलेलं गाणं भलत्याच पट्टीत उचलतात, अंतऱ्याला आवाज पोचत नाही म्हणून अर्ध्यातच खाली येतात आणि तिसऱ्या कडव्याला आणखी खाली. पेटीवाला बोटं सरकवून त्यांच्या मागे धावू शकतो. मी काय करू? गायिकेसाठी काळी पाचचा टिपेचा तबला, गायकासाठी काळी एकचा, एवढेच दोन माझ्याजवळ असतात. मामांची पट्टी त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी. अशा वेळी मी फक्त डग्ग्यावर ठेका धरतो. टाळ्या सर्वात जास्त मामांनाच पडतात. यात तक्रार नाही. घरचा माणूस गायला की घर खूश होतं, आणि त्याच घराने आम्हाला बोलावलेलं असतं.

खरी तक्रार आवाजाची. स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे मंचावर आम्हाला आमचंच वाजवलेलं कळत नाही. त्यासाठी आमच्याकडे तोंड करून ठेवलेला वेगळा स्पीकर लागतो, तो मॉनिटर. ठरवताना तो यादीत असतो, संध्याकाळी टेम्पोत नसतो. मग साउंडवाला मोठ्या मनाने बाजूचाच एक स्पीकर आमच्याकडे वळवतो आणि शिट्टी सुरू होते. माइकने उचललेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो. एक चक्र तयार होतं आणि क्षणात किंचाळी होते. उपाय सोपे आहेत: माइक स्पीकरच्या मागे ठेवा, तोंडाजवळ धरा, आवाज थोडा कमी करा. पण साउंडवाला त्या वेळी जेवायला गेलेला असतो. जनरेटर मंचामागे असेल आणि अर्थिंग नीट नसेल, तर वर सलग घूंऽऽ असा आवाज चालूच. तो कोणत्याच पट्टीत बसत नाही, आणि गायकाला मात्र त्याच्यावरच गावं लागतं.

घाटातल्या गाडीची शिट्टी मला अडवत नाही, हे सांगून टाकतो. चढाला मागून ढकलणारी बँकर इंजिनं कसाऱ्याला जोडून इथवर येतात, त्यांचे इशारे रात्रीही ऐकू येतात. पाहुणे हसतात. मी मनात गाडी ओळखतो आणि समेवर येतो.

माइकच्या शिट्टीपेक्षा घोषणा वाईट. गायिकेने आलाप उचललेला असतो आणि शेजारच्या माइकवरून कुणी म्हणतं, “एमएच पंधरा, पांढरी गाडी, कृपया गेटसमोरून काढून घ्या.” एमएच पंधरा म्हणजे नाशिक, निम्मी गर्दी उठते. त्याहून मोठं संकट म्हणजे साहेब. कार्यक्रम सातचा, साहेब येणार म्हणून सुरुवात साडेआठला. मधल्या वेळात आम्ही ‘वातावरणनिर्मिती’ करायची. साहेब नऊला येतात, चालू गाणं थांबतं, शाल, श्रीफळ, चार शब्द. श्रीफळाचं ताट ठेवायला हमखास जागा सापडते ती माझ्या डग्ग्यावर.

आणि दहाला सगळं बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे; रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितलं. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. मला हा नियम मान्य आहे. आमच्या गावात धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे, तिथे माणसं दहा-दहा दिवस मौन पाळायला जगभरातून येतात. शांततेची किंमत इगतपुरीकरांना शिकवायला नको. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातही पूर्वी रात्रभर गाणं चालायचं, आता ते वेळेच्या चौकटीत होतं आणि रसिक वेळेत येऊन बसतात. आमच्याकडे उशीर करतात साहेब, आणि कापली जाते ती भैरवी.

जेवणाचं थोडक्यात. कार्यक्रम संपून वायरी गुंडाळेपर्यंत काउंटर उचललेला असतो. साथीदार शहापूर-कल्याणचे असतील तर आणखी घाई, कारण मुंबईची लोकल कसाऱ्यापर्यंतच येते. म्हणजे आधी धुक्यातून जीपने घाट उतरायचा, मग गाडी. अशा वेळी यजमान पाकीट हातात ठेवतात आणि म्हणतात, “यात निम्मे आहेत, उरलेले सोमवारी टाकतो.” कुठला सोमवार, ते सांगत नाहीत.

याउलट घोटी-टाकेदकडच्या गावांतला हरिनाम सप्ताह बघा. मंडप ताडपत्रीचा, खाली चिखल, बिदागी बेताची. पण मी पखवाज घेऊन टेकलो की कुणाच्या तरी घरची सून ताटलीत मळलेली कणीक घेऊन येते. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावल्याशिवाय घुमारा येत नाही, हे तिला सांगावं लागत नाही. मी ती थापून, काढून, पुन्हा थापून सूर जमवत असतो. बुवा वीणा गळ्यात अडकवून शांत उभे, चारशे माणसं शांत बसलेली. पखवाज लागल्याशिवाय कीर्तन सुरू होत नाही, असं तिथे सगळ्यांनीच धरलेलं असतं. जेवायच्या पंगतीतही टाळकरी-मृदंगी आधी.

तर यंदा पावसात इगतपुरीला कार्यक्रम ठरवत असाल, तर आमच्यासाठी गुच्छ आणू नका. मंचाशेजारी एक चालू प्लगपॉइंट ठेवा, ठरलेला मॉनिटर टेम्पोत चढला का ते दुपारीच विचारा, लॉन की हॉल हे पाच वाजता नक्की करा आणि पाहुणे यायच्या आधी अर्धा तास हॉल आमच्या ताब्यात द्या. मामांची पट्टी आदल्या दिवशी फोन करून कळवलीत तर मी तिसरा तबलाही आणीन, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही.