रवांडा व बुरुंडी : विकासाचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना : देश गरीब का राहतो, याचे उत्तर देताना भूगोल, वसाहतवाद व वांशिक संघर्ष ही कारणे सामान्यतः सांगितली जातात. रवांडा व बुरुंडी या पूर्व आफ्रिकेतील शेजारी देशांना ही तिन्ही कारणे लागू पडतात. दोन्ही भूवेष्टित, डोंगराळ व दाट लोकवस्तीचे आहेत. दोन्हींवर प्रथम जर्मनीची व नंतर बेल्जियमची सत्ता होती. १ जुलै १९६२ रोजी दोन्ही स्वतंत्र झाले. हुतू-तुत्सी संघर्षात दोन्हीकडे लक्षावधी माणसे मारली गेली.

विवेचन : तथापि संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये रवांडाचा मानव विकास निर्देशांक ०.५४८, तर बुरुंडीचा ०.४२० होता. १९९४ च्या वंशसंहारानंतर रवांडाने प्रशासनाची नव्याने उभारणी केली. सामुदायिक आरोग्य विमा बहुसंख्य जनतेपर्यंत नेला आणि २००६ पासून जिल्हाप्रमुखांना वार्षिक उद्दिष्टांच्या करारांनी बांधून घेतले. बुरुंडीत मात्र १९९३ मध्ये पेटलेले यादवी युद्ध सुमारे बारा वर्षे चालले. २०१५ च्या राजकीय संकटानंतर युरोपीय संघाने तेथील शासनाची थेट मदत २०१६ ते २०२२ या काळात स्थगित ठेवली.

निष्कर्ष : समान पार्श्वभूमी असूनही अंतर पडले, त्याअर्थी शांतता व प्रशासनातील सातत्य यांचे महत्त्व मोठे आहे. परंतु हा निर्देशांक आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न एवढेच मोजतो. स्वातंत्र्य मोजत नाही. रवांडात २०१५ च्या घटनादुरुस्तीमुळे राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांचा २०३४ पर्यंत सत्तेत राहण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२४ मध्ये ते ९९ टक्के मतांनी निवडून आले. म्हणून रवांडाचा आरोग्य विमा अनुकरणीय ठरला, तरी विरोधी आवाजाचा अभाव ही विकासाची अट मानणे योग्य होणार नाही.