नळीआधी नेम

आपल्या घरांतून शस्त्र म्हटले की खंडेनवमीस पाटावर मांडलेली कात्री, अडकित्ता, विळी आणि मुलांच्या लेखण्या एवढेच डोळ्यांसमोर येते. त्यामुळे सांगलीच्या आमच्या घरी तेरा वर्षांच्या मुलीने जेव्हा रायफल मागितली, तेव्हा तिची आजी बराच वेळ काही बोललीच नाही. निमित्त उघड होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत ४५१·४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले होते. त्याच कोल्हापुरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिच येथे ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेत्या झाल्या होत्या. ही सारी टिपणे मुलीने वहीत करून ठेविली होती. वाद घालावयास जागाच उरली नाही.

प्रथम कायद्याची बाजू पाहिली. ४·५ मिलिमीटरहून अधिक व्यासाची नसलेली व २० जूलपेक्षा जास्त शक्तीची नसलेली हवेची रायफल विकत घेण्यास परवाना लागत नाही. ओळखीचे व पत्त्याचे कागद मात्र द्यावे लागतात. ५० मीटरवर चालणारी पॉइंट टू टू बोअरची काडतुसी रायफल ही निराळी गोष्ट. तिला परवाना हवा आणि तो २१ वर्षांखालील व्यक्तीस मिळत नाही. शिकाऊ मुलांना ती मान्यताप्राप्त संस्थेत, देखरेखीखाली, हाताळता येते. सारांश, गृहस्थाला विचार करावयाचा तो १० मीटरच्या हवेच्या रायफलीचाच. हे अंतर कोणास पोरखेळ वाटेल, म्हणून सांगतो : या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा त्याच्या नऊपट रुंद!

यापुढे माझ्या हातून जी चूक घडली ती लपविण्यात अर्थ नाही. परदेशी बनावटीच्या नव्या स्पर्धा-रायफलीची किंमत लाखांत जाते. म्हणून एका परगावच्या गृहस्थांकडून मी जुनी, पण नामांकित बनावटीची रायफल घेतली. मुलीच्या आईने दुचाकीसाठी म्हणून साठविलेली ठेव त्यात गेली. रायफल दिसावयास देखणी होती, छर्रा जेथच्या तेथे जात होता. पहिल्याच स्पर्धेच्या वेळी तपासनिसांनी तिचे हवेचे नळकांडे उलटून पाहिले आणि त्यावर कोरलेले २०१२ हे साल माझ्यापुढे धरले. अशा नळकांड्यांची मुदत बहुधा दहा वर्षांची असते. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा कोंडलेली असते, तेव्हा हा नियम कागदी नव्हे. मुलीला त्या दिवशी नेम धरावयास मिळाला नाही. परतीच्या एस. टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि मी तिकिटांच्या पाठीवर नव्या नळकांड्याचा हिशेब मांडीत होतो.

दुसरा दोष मागाहून कळला. दस्ता प्रौढ पुरुषाच्या मापाचा होता. नियमाने रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. पण ते वजन उभ्याने पेलावयाचे ते तेरा वर्षांच्या मुलीने. दस्ता लांब पडला की मान पुढे ताणली जाते, गाल आपल्या जागी टेकत नाही आणि डोळा छिद्रासमोर येण्यासाठी साऱ्या अंगाला पीळ पडतो. म्हणून बनावटीचे नाव वाचण्यापूर्वी नळकांड्यावरचे साल वाचावे. दस्ता व गालपट्टी लहानमोठी करता येते की नाही हे मुलाच्या खांद्याला लावून पाहावे. आणि छर्रे सपाट तोंडाचे घ्यावेत, कारण तेच कागदावर स्वच्छ भोक पाडतात. खरे विचाराल तर पहिले सहा महिने संस्थेच्या रायफलीवर काढणे हेच सर्वांत स्वस्त. हे शहाणपण मला पैसे मोजून आले.

नळकांडे येईपर्यंत मुलीने घरातच कोरडा सराव केला. ओटीपासून परसाच्या भिंतीपर्यंत बरोबर तेहतीस फूट भरतात. भिंतीवर जमिनीपासून १·४ मीटर उंचीवर कागद लावला. छर्रा न भरता, चाप ओढल्यावर माशी कोठे सरकते एवढेच पाहावयाचे. शिक्षकांनी सांगितलेली युक्ती अशी : डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवावे, म्हणजे ओझे स्नायूंवर न पडता हाडांवर पडते, नेम धरून डोळे मिटावेत, दोनतीन श्वास घ्यावेत आणि उघडावेत. माशी बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणू नये, पाऊल किंचित फिरवावे. रोज वीस मिनिटे. आरंभी आजी पलीकडे पाठ करून जप करीत असे. महिन्याभरात तीच श्वास मोजून देऊ लागली. पुढे छर्रे आले, तेव्हा मागे लोखंडी पेटी ठेविली, परसाचे दार लावून घेण्याची शिस्त घातली आणि सरावानंतर साबणाने हात धुतल्यावाचून ताटावर बसावयाचे नाही असा दंडक तिनेच घातला. छर्रे शिशाचे असतात.

५० मीटरचा पहिला धडा मात्र रायफलीवाचून मिळाला, आणि तोही साताऱ्यास. तिचे मामा तेथे राहतात. साताऱ्याला लक्ष्यवेधाचे कौतुक नवे नाही; तेथील अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे, सतराव्या वर्षी, धनुर्विद्येत जगज्जेती झाली. मामांनी मुलीला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली नेऊन उभे केले आणि हातरुमाल धरावयास लावला. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा टू टूच्या गोळीला ५० मीटरांत दोनएक सेंटिमीटर सहज ढकलतो, आणि तेथील दहाचे वर्तुळ १०·४ मिलिमीटरचेच असते. पाते फिरते एका चालीने, गवत वाकते दुसऱ्याच बाजूला, हे तिने तास दीड तास पाहिले.

यंदा एका संस्थेच्या मैदानावर तिला प्रथमच ती रायफल हाती मिळाली. निशाण फडफडले, तिने रायफल खाली घेतली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली घेतली. मागच्या बाकावर माझा जीव टांगलेला. तिसऱ्या वेळी निशाण ओघळले आणि तिने चाप ओढला. नऊ गुण आले. "बाबा, वारा थांबला नव्हता, मंदावला होता," एवढेच बोलून तिने दुसरी गोळी भरली.