काट्यावर न दिसणारी चरबी

कामशेतच्या बाजारपेठेत हातापायांनी काटक, पण शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर ताण पडलेला गडी हमखास भेटतो. त्याला 'साखर' निघाली की घरचे चक्रावतात, ‘अहो, पण हे कुठं जाडे आहेत?’ मग सल्ला मिळतो, भात बंद करा. इंद्रायणी तांदळाचं वाण जिथे तयार झालं, ते वडगाव मावळचं संशोधन केंद्र इथून हाकेच्या अंतरावर. तिथे भात बंद! भाताने साखर वाढते हे खरंच, पण सगळं खापर त्याच्यावर फोडून भागत नाही.

या कोड्यावर जगात गाजलेलं काम पुण्यातच झालं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, दोघेही सडसडीत. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के.

हा फरक येतो कुठून? याज्ञिकांच्या चमूने 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा माग ठेवला. तिथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं 3.5 किलोचं. आपल्या बाळाचे दंड बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने शाबूत. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त. म्हणजे गोडधोड तोंडात पडण्याआधीच निम्मी गोष्ट घडून गेलेली असते.

पुढचं गणित सरळ आहे. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू उचलतात. स्नायूच कमी, तर ती जाणार कुठे? कातडीखालचं कोठार भरलं की चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती साठते, इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा होतात आणि स्वादुपिंड राबून राबून थकतं. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कंबर मोजावी. पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटीमीटरच्या पुढे गेली, की सावध व्हायचं.

जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी 1962 साली मधुमेहाचा दोष ‘काटकसरी’, म्हणजे चरबी साठवून ठेवणाऱ्या जनुकांना दिला होता. 1992 साली हेल्स आणि बार्कर हे संशोधक म्हणाले, काटकसर गर्भातच शिकवली जाते. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, कारण गावांतल्या त्या अभ्यासात आईचं ताटही बोलकं निघालं. सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर पण बी-12 कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला विरोध सर्वांत जास्त आढळला. बी-12 मिळतं दूध, अंडी, मासे, मटणातून. आणि घरात दूध असलं तरी सुनेच्या वाट्याला किती येतं, हे कुणी सांगायला नको.

बरं, आता पोटभर मिळतंय म्हटल्यावर हा हिशेब लगेच पुसला जाईल? आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 50 पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर खायला घातलं. 2015 साली निष्कर्ष आला: अंगात चरबी वाढली, इन्सुलिनचा बिघाड मात्र गेला नाही. माणसांच्या बाबतीत 2012 पासून त्याच गावांतल्या, त्या अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना लग्नाआधीच बी-12 देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. गरोदरपणात गोळी देण्यापेक्षा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.