यीस्टमधला प्रायॉन

प्रायॉन म्हटलं की 'मॅड काऊ' आजार आठवतो, आणि प्रायॉन हा एखादा जंतू असावा असं वाटतं. प्रत्यक्षात ते पेशीचंच प्रथिन असतं. त्याची घडी तेवढी बदललेली असते, आणि आपल्यासारख्या इतर प्रथिनांनाही ते तीच घडी घ्यायला लावतं. पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखरेचा एक खडा धरला की उरलेली साखर त्याच रचनेत जमत जाते, तसं. आजार व्हायलाच हवा असंही नाही.

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये (एकपेशीय बुरशी) हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. एका जनुकदोषामुळे लाल होणाऱ्या यीस्टच्या वसाहती 'साय-प्लस' हा गुण आला की पांढऱ्या होतात. ब्रायन कॉक्स यांनी तो १९६५ मध्ये नोंदवला, पण त्याचा वारसा जनुकांच्या नेहमीच्या हिशेबात बसेना. तो सप-३५ या प्रथिनाचा प्रायॉन असावा, असं रीड विकनर यांनी १९९४ मध्ये सुचवलं. हे प्रथिन एरवी रायबोसोमला (प्रथिनं जुळवणारी यंत्रणा) कुठे थांबायचं ते सांगतं. त्याच्या गुठळ्या झाल्या की दोषामुळे आलेली अवेळी थांब्याची खूण अधूनमधून ओलांडली जाते. प्रथिनाची कृती अर्थात जनुकातच असते. घडी मात्र गुठळ्यांच्या तुकड्यांबरोबर नव्या पेशीत उतरते. ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड थोडं घालून काही पिढ्या वाढवलं, की डीएनएचं एक अक्षरही न बदलता वसाहती पुन्हा लाल होतात.