क्लासची सीमा कुठे आखायची?

पीएचपीची पाचवी आवृत्ती २००४ साली आली आणि वेबसाइट लिहिणाऱ्यांना खासगी गुणधर्म, इंटरफेस अशी साधने मिळाली. पण साधनांनी रचना जमत नाही. नवशिका ‘ऑर्डर’ नावाचा क्लास करतो आणि कर मोजणे, डेटाबेसमधली नोंद, ग्राहकाला ईमेल असे सगळे त्यातच कोंबतो. नाहीतर कामाच्या पायरीगणिक एक क्लास पाडतो. दुसरी रीत नीटनेटकी दिसते, म्हणूनच ती अधिक फसवी. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी हे १९७२मध्येच दाखवले होते. ओळींतले शब्द फिरवून वर्णानुक्रमे सूची करणारा छोटा प्रोग्राम त्यांनी दोन प्रकारे विभागला: एकदा पायऱ्यांनुसार, एकदा बदलू शकणाऱ्या निर्णयांनुसार. ओळी मेमरीत साठवण्याची पद्धत बदलली, की पहिल्या विभागणीत प्रत्येक भागाला हात लावावा लागतो, दुसरीत एकालाच. तेव्हा क्लास कोणता निर्णय इतरांपासून लपवणार, हे आधी ठरवावे. कराचा दर कुठून येतो हे एकाच क्लासला ठाऊक असेल, तर दर बदलला म्हणून ईमेलचा कोड उघडावा लागत नाही.

पाच पानांच्या साइटला एवढा सोस कशाला, हा आक्षेप रास्त आहे. भाग वाढले की वाचणाऱ्याची धावपळ वाढते. भागांमधल्या ये-जेने प्रोग्राम मंदावू शकतो, हे पार्नास यांनीही मान्य केले होते. शिवाय पुढे काय बदलेल, हे आधी कळणार कसे? बहुतेकदा कळत नाही, आणि इथे पुस्तकी उत्साह आवरलेलाच बरा. एकदा प्रत्यक्ष आलेला बदल पुन्हा येण्याची शक्यता अधिक. तेव्हा तेवढाच भाग वेगळा काढावा. मात्र हाताशी चाचण्या हव्यात, नाहीतर चालता कोड हलवायला कोणी धजत नाही.