आगाऊ उमटवलेली खूण

चित्रफिती पाहण्यासाठी, छायाचित्रे सुधारण्यासाठी किंवा पीडीएफ दस्तऐवज उघडण्यासाठी एखादा विनामूल्य प्रोग्रॅम संगणकावर घ्यावा, तो बसवताना समोर येणाऱ्या चौकटींना ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ असे उत्तर देत जावे, आणि दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडावा तो नेहमीच्या मुखपृष्ठाच्या जागी कोणते तरी अपरिचित शोधयंत्र विराजमान झालेले, माथ्यावर टूलबारची एक नवी पट्टी चढलेली आणि एरवी मुकाट चालणारा संगणक कण्हत असलेला दिसावा, हा अनुभव विंडोज वापरणाऱ्यांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, बहुतेक जण ‘व्हायरस आला’ असे म्हणून मोकळे होतात. परंतु व्हायरस बिनपरवाना शिरतो. या मंडळींनी आत येण्यापूर्वी रीतसर परवानगी घेतलेली असते, आणि ती देणारे आपणच असतो.

या व्यवहाराचे अर्थकारण सरळ आहे. ज्या प्रोग्रॅमसाठी ग्राहक एक पैसाही मोजत नाही, त्याच्या कर्त्याला किंवा वितरकाला उत्पन्न तर हवेच असते, आणि ते मिळवून देण्यास दलाल तत्पर असतात: तुमच्या प्रोग्रॅमबरोबर आमच्या पक्षकाराचा टूलबार पाठवा, आणि तो जितक्या संगणकांवर बसेल तितक्यांची दस्तुरी घ्या. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१६ साली या धंद्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हा दर एका स्थापनेमागे दहा सेंटांपासून दीड डॉलरपर्यंत असल्याचे आढळले. अशा डाउनलोडांबद्दल गूगलच्या संरक्षक यंत्रणेला आठवड्याला सहा कोटींहून अधिक इशारे द्यावे लागत होते. एका टूलबारचे मोल दहा सेंट असले, तरी गुणाकार करून पाहिल्यावर या धंद्यात प्रतिष्ठित नावेही का उतरली, हे कळते.

संमती मिळवण्याचे तंत्र मात्र जुनेच आहे. सावकाराच्या कारकुनाने कबुलायत स्वतःच लिहून आणावी, शर्ती बारीक अक्षरांत शेवटी घालाव्या आणि कुळाने केवळ अंगठा उमटवावा, तसा इन्स्टॉलर ‘अमुक टूलबारही बसवा’ या ओळीपुढची खूण आधीच उमटवून आपल्यापुढे ठेवतो. ओरॅकल कंपनीच्या जावा या प्रणालीचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. जावात सुरक्षेच्या त्रुटी वारंवार सापडत असल्याने ती अद्ययावत ठेवणे आवश्यक असे, आणि प्रत्येक अद्ययावतीकरणात ‘आस्क’ या शोधयंत्राच्या टूलबारची खूण पुन्हा उमटलेली असे. म्हणजे चार वेळा सावधपणे काढलेली खूण पाचव्या वेळी नजरेतून सुटली की काम फत्ते. त्यातही, २०१३ साली उघडकीस आल्याप्रमाणे, हा टूलबार लगेच न बसता सुमारे दहा मिनिटे दबा धरून राहत असे, त्यामुळे शंका येऊन तत्काळ स्थापित प्रोग्रॅमांची यादी तपासणाऱ्याला तो तेथे दिसतच नसे. हा विलंब ज्याला सुचला त्याच्या बुद्धीला दाद द्यावी लागेल, हेतूला नव्हे. २०१५ साली ‘आस्क’ची जागा ‘याहू’ला देण्यात आली.

मुक्त प्रोग्रॅमांचे भांडार म्हणून नावाजलेल्या सोर्सफोर्ज या स्थळाचा इतिहास तर याहून उद्बोधक आहे. स्वयंसेवकांनी निरपेक्ष बुद्धीने लिहिलेले प्रोग्रॅम तेथे ठेवले जात. २०१३ साली स्थळाच्या चालकांनी त्यांच्या इन्स्टॉलरांना व्यापारी प्रस्तावांची जोड देण्याची योजना काढली. ‘गिम्प’ या चित्रसंपादकाच्या कर्त्यांनी फसव्या डाउनलोड-बटणांना आणि या योजनेला कंटाळून त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथून मुक्काम हलवला. पण २०१५ च्या मे महिन्यात असे दिसून आले की, विंडोजसाठीच्या गिम्पचे तेथील खाते बेवारस ठरवून चालकांनी स्वतःकडे घेतले आहे आणि गिम्पच्याच नावाने अनाहूत प्रस्तावांसह इन्स्टॉलर वाटला जात आहे. मोठा गहजब झाला, माघार घेतली गेली, आणि पुढे मालकी बदलल्यावर २०१६ साली ती योजनाच रद्द झाली.

म्हणून पहिली सावधगिरी अशी की, प्रोग्रॅम घ्यावा तो त्याच्या कर्त्याच्या स्वतःच्या स्थळावरून. शोधयंत्रात सर्वांत वर ‘जाहिरात’ म्हणून येणारे दुवे आणि मोठ्या हिरव्या बटणांची स्थळे वर्ज्य समजावीत. चित्रफिती दाखवणाऱ्या ‘व्हीएलसी’चे प्रमुख शिल्पकार झाँ-बातिस्त केम्फ यांनी आपल्या प्रोग्रॅमला असे प्रस्ताव जोडण्यासाठी देऊ केलेल्या मोठ्या रकमा नाकारल्या आहेत, पण २०२२ साली भारतात त्यांचेच अधिकृत स्थळ कित्येक महिने अवरुद्ध होते आणि ते नोव्हेंबरात खुले झाले. त्या काळात येथील नवख्या माणसाने व्हीएलसी कोठून घ्यावे, याचा विचार स्थळ अवरुद्ध करणाऱ्यांनी केला होता की नाही, देव जाणे.

अर्थात, जावाची कथा सांगते की अधिकृत स्थळही पुरेसे नसते. इन्स्टॉलर ‘एक्सप्रेस’ आणि ‘कस्टम’ असे दोन मार्ग दाखवतो, तेव्हा ‘शिफारस केलेला’ हे बिरुद पहिल्याला लावलेले असले तरी दुसराच घ्यावा, कारण खुणा तेथेच दृष्टीस पडतात. कधी प्रस्तावाची चौकट मूळ परवान्याच्या करारासारखी नटवलेली असते. तीत भलत्याच प्रोग्रॅमचे नाव दिसले तर ‘डिक्लाइन’ बटण, ते कितीही फिकट रंगवलेले असो, निःशंकपणे दाबावे. मूळ प्रोग्रॅम सहसा त्यावाचून अडत नाही. एवढी दगदग नको असेल, तर ‘निनाइट’ ही सेवा अनेक लोकप्रिय प्रोग्रॅम सर्व प्रस्ताव परस्पर नाकारून बसवून देते. पुष्कळदा डाउनलोडाची गरजच नसते: मराठी टंकलेखनासाठी लोक आजही नाना प्रकारचे फुकट प्रोग्रॅम धुंडाळतात, वास्तविक विंडोज १० मध्ये मराठी कळफलक अंगभूत असून २०१९ पासून उच्चारानुसारी कळफलकही त्यात आहे. विंडोजच्या सुरक्षा-दालनात ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ या सदराखाली अनाहूत प्रोग्रॅम रोखण्याची तजवीज आहे. ती चालू असल्याची खातरजमा करावी.

आणि कोणी शिरलाच, तर स्थापित प्रोग्रॅमांची यादी तारखेनुसार लावावी. त्या दिवशी आपण आणला नव्हता असा जो दिसेल तो काढून टाकावा. एवढ्याने मात्र ब्राउझर पूर्वपदावर येत नाही, कारण मुखपृष्ठ आणि शोधयंत्र यांच्या बदललेल्या नोंदी टूलबार गेल्यावरही पुष्कळदा तशाच राहतात. ब्राउझरची एक्स्टेन्शने तपासून त्या नोंदी हाताने बदलाव्या लागतात, किंवा सर्व सेटिंगे मूळ स्थितीत आणावी लागतात. हट्टी अवशेषांसाठी मालवेअरबाइट्सचा ‘अ‍ॅडव्‌क्लीनर’ विनामूल्य मिळतो. तो अर्थातच मालवेअरबाइट्सच्याच स्थळावरून घ्यावा.