मायक्रोवेव्हमधला चहा नेमका कुठे बिघडतो

मायक्रोवेव्हमध्ये चहा करावा की करू नये, हा वाद मुळात आपला नाही. तो इंग्रजांचा आणि अमेरिकनांचा. त्यांचा चहा म्हणजे गरम पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून ठेवलेली पत्ती. दूध घालायचे तर वरून, तेही बहुधा थंड. त्यामुळे पाणी किटलीत तापवले की मायक्रोवेव्हमध्ये, एवढ्यावरच त्यांचे भांडण संपते. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये चांगल्या चहाचे अकरा नियम लिहिले, पण दूध-पाणी-पत्ती एकत्र उकळण्याचा विचारही त्याच्या मनाला शिवला नाही. आता हाच प्रश्न बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरमध्ये आणून बघा. तिथे पातेल्यात पाण्याचे आधण चढते, त्यात साखर किंवा गूळ, ठेचलेले आले, मग पूड पडते, आणि शेवटी दूध. इथे प्रश्न पाण्याच्या तापमानाचा उरत नाही. कुठला जिन्नस कधी पडतो आणि पडल्यावर त्याला किती वेळ मिळतो, याचा होतो. मायक्रोवेव्ह उष्णता देण्यात कुठेही कमी पडत नाही. तो आपल्या चहाचा क्रम मोडतो, आणि चहा बिघडतो तो तिथे.

आधी यंत्राचे काम समजून घेऊ. रडारसाठी मॅग्नेट्रॉन बनवणाऱ्या रेथिऑन या अमेरिकी कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरने १९४५ मध्ये मायक्रोवेव्ह लहरींनी अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेच मॅग्नेट्रॉन आजही घरगुती ओव्हनमध्ये असते. त्यातून साधारण २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी निघतात. त्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि पाणी तापते. कपभर म्हणजे दीडशे मिली पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायला सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता लागते. आठशे वॅटच्या ओव्हनला हिशेबाने ५५ सेकंद पुरतात. थोडी उष्णता वाया जातेच, म्हणून सव्वा मिनिट धरा. तक्रार वेगाबद्दल नाहीच. फरक आहे तो उष्णता कुठून येते यात. गॅसवर पातेल्याचा तळ सर्वांत तापलेला असतो. तळचे पाणी हलके होऊन वर येते, वरचे खाली जाते आणि पातेले आपोआप घुसळले जाते. मायक्रोवेव्हच्या कपात ही घुसळण नीट होत नाही. वरचे पाणी जास्त तापते आणि वरच राहते. चिनी संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अशा भांड्यातल्या वरच्या आणि खालच्या द्रवात जवळजवळ आठ अंशांचा फरक आढळला. काठावर चांदीचा पट्टा दिला की तो अर्ध्या अंशावर येतो, असेही त्यांनी दाखवले. चहासाठी चांदी कोण लावणार, हा भाग वेगळा. चमच्याने ढवळले तरी भागते.

घुसळण नाही तसे बुडबुडेही नाहीत. वापरलेल्या पातेल्याच्या तळाला बारीक चरे पडलेले असतात. त्यांत अडकलेल्या हवेवर वाफेचे बुडबुडे धरतात आणि पाणी खळखळ उकळते. चिनी मातीच्या नव्या गुळगुळीत कपात असे चरे नसतात, आणि मायक्रोवेव्हमध्ये कपाची भिंत पाण्यापेक्षा थंडच राहते. त्यामुळे पाणी उत्कलनबिंदू ओलांडूनही शांत बसू शकते. त्यात चमचाभर पूड टाकली, की दाण्यादाण्याभोवती एकदम वाफ धरते आणि कप फसफसून हातावर येतो. यावर उपाय सोपा आहे: कपात आधीच एखादी लाकडी काडी ठेवायची, किंवा पूड पहिल्यापासूनच पाण्यात घालायची. पूड पहिल्यापासून घालण्यात आपले नुकसान काहीच नाही. आपली दाणेदार सीटीसी पूड उकळीसाठीच योग्य आहे. दोन-तीन मिनिटांत ती बहुतेक सगळा रंग आणि कडकपणा सोडते.

खरी गडबड आले आणि दूध एकत्र आल्यावर होते. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचे विकर असते. ते दुधातल्या केसीन या प्रथिनाचे तुकडे करते. चीनच्या दक्षिण भागात याच गुणाचा उपयोग करून गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि खरवसासारखा मऊ पदार्थ करतात. हे विकर ६० अंशांच्या आसपास सर्वांत जोमात असते आणि उकळीला निकामी होते. आपल्याकडे आले आधी पाण्यात उकळतात आणि दूध नंतर घालतात. यामागचे रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण फाटलेल्या चहाने ते शिकवले असणार. मायक्रोवेव्हच्या झटपट पाककृतीत मात्र पाणी, दूध, आले, पूड, साखर असे सगळे एकाच कपात घालून बटण दाबायला सांगतात. म्हणजे आले जेव्हा दूध नासवण्याच्या सर्वाधिक तयारीत असते, नेमक्या त्या तापमानातून आपण दोघांना एकत्र नेतो. कधी चहा धकून जातो, कधी कडेला पांढऱ्या कण्या दिसतात. मग दोष दुधाला, नाहीतर डेअरीला.

गुळाचे तसेच, किंबहुना जास्तच. नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत ऊस आहे आणि सोमेश्वर, माळेगाव हे साखर कारखाने आहेत. लोणी भापकर जिरायती पट्ट्यात, पण गुळाचा चहा या भागात नवलाचा नाही. गूळ किंचित आम्लधर्मी असतो. थंड दूध फाटायला बरीच आम्लता लागते, पण उकळीच्या तापमानाला थोडीही पुरते. म्हणून जाणती माणसे गूळ पाण्यात विरघळवून, कोरा चहा पुरता उकळून घेतात, दूध वेगळे तापवतात आणि गॅस बंद करून दोन्ही एकत्र करतात. मिसळल्यावर पुन्हा उकळी नाही. कपात सगळे कोंबून दोन मिनिटे लावणाऱ्याला हे जमणार कसे?

शिवाय दूध उतू जाते. दुधातली प्रथिने वाफेच्या बुडबुड्यांना धरून ठेवतात, फेस चढतो, आणि गॅसपाशी उभे असलेले माणूस ज्योत बारीक करते किंवा सांडशीने पातेले उचलते. फेस बसला की पुन्हा ठेवते. पुण्याच्या अमृततुल्य दुकानांत पितळी भांड्यापुढे बसलेला माणूस दिवसभर हेच करतो. डावाने चहा वर उचलून पुन्हा भांड्यात सोडणे हा काही केवळ देखावा नसतो. मायक्रोवेव्हमध्ये अशी ज्योत बारीक करता येत नाही. साध्या ओव्हनमध्ये ‘निम्मी शक्ती’ म्हणजे मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण जोरात आणि काही सेकंद बंद. ते चालू असताना दूध उतू गेले, की काचेची थाळी पुसत बसा.

आक्षेपांपैकी सर्वांत मोठ्याने घेतला जाणारा आक्षेप सर्वांत कच्चा आहे: या लहरींनी चहा ‘विषारी’ होतो. या लहरी रेणूंना हलवतात, तोडत नाहीत; क्ष-किरणांसारखी रेणू तोडण्याची ऊर्जा त्यांत नसते, आणि बटण बंद झाले की अन्नात काही उरत नाही. याच्या उलटा दावाही होतो, की मायक्रोवेव्हमधला चहा जास्त गुणकारी. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे क्वान वुआँग यांनी या पद्धतीने चहातले उपयोगी घटक अधिक मिळतात असे सांगितले होते, पण ते ग्रीन टीबद्दल. त्यात ना दूध होते, ना आले. ते निष्कर्ष आपल्या पातेल्याला लावणे म्हणजे ज्वारीचा भाव गव्हाला लावणे. तिसरा युक्तिवाद मात्र विचार करण्याजोगा आहे: पाणी ते पाणी, कशानेही तापवा, फरक काय? शुद्ध पाण्याबाबत हे बरोबर आहे. पण बोअरच्या जड पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एक भाग काही मिनिटे उकळल्यावरच खाली बसतो. भांड्याच्या आत चढणारा पांढरा थर तो हाच. मिनिटभरात तापवलेल्या कपात हे क्षार बहुतांशी चहातच राहतात. चहा मंद लागतो आणि वर तेलकट दिसणारी साय धरते. ती दुधाची साय नव्हे.

मग हे यंत्र कोणासाठी? इथे माणसांची संख्या मोजावी लागते. लोणी भापकरमधले मल्लिकार्जुनाचे मंदिर आणि पुष्करणी पाहायला आलेले पाहुणे म्हणा, शेतावरची माणसे म्हणा, गावातला चहा क्वचितच एका कपाचा असतो. दहा कपांना दीड लिटर द्रव, ४४० किलोज्यूल उष्णता आणि मायक्रोवेव्हची नऊ मिनिटांहून जास्त. गॅसचा मोठा बर्नर ते पाच-सहा मिनिटांत करतो, तेही स्टीलच्या किंवा जर्मनच्या पातेल्यात, जे ओव्हनमध्ये घालता येत नाही. सोनेरी काठाची कपबशीही आत ठिणग्या टाकते. वीज गेली तर घरचा छोटा इन्व्हर्टर बाराशे-तेराशे वॅट ओढणारे यंत्र चालवू शकत नाही. मोठ्या घरात त्याचा चहासाठी उपयोग नाही, असेच म्हणावे लागेल. पण मुले पुण्याला किंवा परदेशात आणि घरात एकटी आजी, हेही आजच्या गावांचे चित्र आहे. हात थरथरणाऱ्या, गॅस चालू ठेवून विसरणाऱ्या माणसासाठी ठरल्या वेळी आपोआप बंद होणारे यंत्र चवीतल्या उणिवेपेक्षा मोलाचे आहे. वसतिगृहात, कार्यालयात, अमेरिकेतल्या एकट्याच्या घरात गॅस नसला तरी मायक्रोवेव्ह बहुधा असतो. तिथे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने स्वतः चहा करून द्यावा.

अशांनी क्रम मात्र सोडू नये. कपापेक्षा दुप्पट मोठा काचेचा मग घ्यावा. त्यात अर्धा कप पाणी, आले, पूड आणि साखर घालून दीड मिनिट लावावे, ढवळावे, पुन्हा अर्धा मिनिट लावून झाकून दोन मिनिटे ठेवावे. दूध दुसऱ्या कपात कडकडीत तापवून, चहा गाळल्यावर त्यात ओतावे. गूळ असेल तर तो पाण्यासोबत, आणि दूध घातल्यावर चहा पुन्हा आत ठेवायचा नाही. एवढे करण्यात गॅसइतकाच वेळ जातो आणि दोन भांडी जास्त पडतात, हे खरे. खरा सोयीचा उपयोग आहे तो गाळून ठेवलेला साखरेचा चहा गरम करायला. पातेल्यात पुन्हा उकळला की तो आटतो आणि बुडाला लागतो. मायक्रोवेव्हमध्ये पाऊण मिनिट पुरते, फक्त मध्ये एकदा ढवळायचा. अट इतकीच, की तो सकाळी करून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवलेला नसावा. उन्हाळ्यात दुधाचा चहा तीन-चार तासांत खराब होऊ लागतो, आणि गरम केल्याने आंबलेले दूध ताजे होत नाही.